आमच्या गावाचे काही आहे का यात?

२०२०च्या टाळेबंदीत आमच्या कळमनुरीच्या घरात बऱ्याच वर्षांनी सगळी माणसे एकत्र आली. मी आदल्याच वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो होतो. मुलगी टाळेबंदीच्या दोन दिवस आधी मिळेल त्या गाडीने पुण्याहून आली होती. अम्मा ऐंशीच्या आसपासची. गुडघे गेलेले, नजर मात्र शाबूत. मशिदीत जमात बंद, एस.टी. बंद, भाजीबाजार सकाळी थोडा वेळ. २८ मार्चपासून दूरदर्शनने जुने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली आणि शेजारच्या घरांतून ३३ वर्षांपूर्वीचेच आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले.

दादीचा वेळ जावा म्हणून मुलीने तिला मोबाइलवर जुन्या क्लिपा लावून द्यायला सुरुवात केली. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले बरेच काही आता इंटरनेटवर खुले केले आहे. फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट आहेत. ब्रिटिश पाथे या बातमीपटांच्या कंपनीने तर २०१४ साली आपल्या ८५ हजार फिती एकदम लोकांसाठी मोकळ्या केल्या. त्यांत आपल्या देशाच्याही कितीतरी आहेत. अम्मा शाळेत कधी गेली नाही. पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. गांधीजी चालताना, नेहरू गाडीतून उतरताना, फाळणीच्या बैलगाड्यांची रांग, गिरणीतून सुटलेले कामगार, हे सगळे ती चष्मा पुसून पुसून पाहत राही.

एके दिवशी तिने विचारले, “ये सब लोगाँ मर गये होंगे ना?”

मुलगी म्हणाली, “हौ दादी, बहुत करके.”

थोडा वेळ ती गप्प बसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हमारे गाँव का कुछ है क्या रे इसमें?”

तिचे गाव म्हणजे कळमनुरी नव्हे. कळमनुरी तिचे सासर. माहेर पैनगंगेच्या काठचे. त्या गावाचे नाव मी इथे लिहिणार नाही. कारण पुढे येईलच. ईसापूरचे धरण झाले तेव्हा ते गाव पाण्याखाली गेले. माणसांना वर माळावर जागा मिळाली, गावाला नवे घर मिळाले. पण जुनी मशीद, मारुतीचा पार, पाटलांचा वाडा, अम्माच्या वडिलांची पिंजणाची खोली हे सगळे तिथेच राहिले. त्या गावाचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही.

मी तिच्या समाधानासाठी मोबाइलवर गावाचे नाव लिहून पाहिले. धरणाचे भरलेले पाणी आणि पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची दृश्ये निघाली. अम्माने ते पाणी पाहिले आणि मोबाइल मुलीच्या हातात परत दिला.

इथे मला माझा एक गुन्हा कबूल केला पाहिजे.

माझे अब्बा टूरिंग टॉकीजमध्ये कामाला होते. आधी दारावर, नंतर ऑपरेटरच्या हाताखाली. पावसाळा संपला की तंबू पडायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तालुक्याच्या बाजारगावांतून, जत्रा-उरसांतून फिरत राहायचा. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या एस.टी.च्या टपावरून यायच्या. प्रेक्षक जमिनीवर बसत. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये दोरी. मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचे समाचार-चित्र दाखवणे सक्तीचे होते. ते चालू असेतो लोक शेंगा घेत, विड्या पेटवत. अब्बा म्हणत, “देश पडद्यावर येतो तेव्हा कुणी पाहत नाही, मधुबाला आली की चिडीचूप.”

फीत वारंवार तुटे. तुटलेल्या जागचे तुकडे कापून दोन्ही टोके चिकटवायची आणि खेळ पुढे चालवायचा. ते कापलेले तुकडे अब्बा घरी आणत. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी असे शेकडो तुकडे जमवले होते. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही पोरे दार लावून अंधार करायचो. बाहेर एक जण आरसा धरून उन्हाची तिरीप फटीतून आत सोडायचा. फटीपाशी फितीचा तुकडा आणि त्यापुढे पाणी भरलेला विजेचा बल्ब. समोरच्या शेणाने सारवलेल्या भिंतीवर एखादी नटी थरथरत उभी राहायची. आवाज नाही, हालचाल नाही. पण गल्लीतली पोरे पाच पैसे देऊन ते पाहायला येत.

१९९६ मध्ये आम्ही जुने माळवद पाडून स्लॅब टाकला. अब्बा जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. माळ्यावर तो डबा सापडला. उघडला तर सिरक्यासारखा आंबूस वास आला. तुकडे आकसलेले, एकमेकांना चिकटलेले. मी तो डबा भंगारवाल्याला दिला. किती रुपये आले तेही आठवत नाही. अम्मा दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

पुढे कळले की तो आंबूस वास म्हणजे फितीचा आजार असतो. अॅसिटेटची फीत उष्णतेने आणि दमटपणाने सडू लागली की तिच्यातून सिरक्याचे आम्ल सुटते, आणि तेच आम्ल शेजारच्या फितीलाही खाते. तिच्या आधीची नायट्रेटची फीत तर याहून वाईट. ती पेटली की विझत नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेटच्या रिळांना आग लागली, तेव्हा सहाशेहून अधिक चित्रपटांची सुमारे पाच हजार रिळे जळाली. ही बातमी मी कळमनुरीच्या वाचनालयात वाचली आणि मला पहिल्यांदा तो बिस्किटांचा डबा आठवला.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली स्थापन झाले. त्याचे नाव घेतले की पी. के. नायर यांचे नाव घ्यावेच लागते. १९६५ पासून १९९१ पर्यंत या माणसाने देशभर फिरून, गोदामे आणि माळे धुंडाळून, लोकांच्या विनवण्या करून सिनेमे गोळा केले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) चार रिळे होती, त्यांतले पहिले आणि शेवटचे आज आपल्याला दिसते. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले. शिल्लक आहेत ते मोजकेच, आणि त्यांतले कितीतरी नुसते तुकडे.

‘आलम आरा’ तर उरलाच नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपल्या देशाचा पहिला बोलपट. नायक मराठी मातीतले मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा, फकिराच्या वेशात वझीर मोहंमद खान यांनी गायिलेले आपल्या बोलपटातले पहिले गाणे. यातले काहीही आज पाहता किंवा ऐकता येत नाही. फोटो आहेत, जाहिराती आहेत, सिनेमा नाही. पुढच्याच वर्षी आलेला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आज पाहता येतो. ‘आलम आरा’ पाहता येत नाही. झुबेदाच्या आई फातमा बेगम या आपल्याकडच्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. त्यांचा १९२६ सालचा ‘बुलबुल-ए-परिस्तान’ही गेला. आईचा सिनेमा गेला आणि लेकीचाही गेला.

नायर अर्देशीर इराणींकडे ‘आलम आरा’ मागायला गेले होते. म्हाताऱ्या इराणींना वाटत होते की काही रिळे अजून असतील. मुलाने नंतर नायरांना सांगितले की फितीतली चांदी काढण्यासाठी ती त्यानेच विकून टाकली. ही हकीकत वाचली तेव्हा मला त्या मुलाचा राग आला नाही. कुठल्या तोंडाने येणार? त्याने ‘आलम आरा’ विकला, मी बिस्किटांचा डबा. फरक फक्त आकाराचा. माझ्या डब्यात काय काय होते कुणास ठाऊक. वारसा बुडवायला बाहेरून कुणी यावे लागत नाही. घर बांधायला काढले, माळा मोकळा करायचा आहे, एवढे कारण पुरते.

आता अम्माकडे येतो.

१९८०च्या दशकात आमच्या मोहल्ल्यात पहिला टीव्ही आला तो तहसीलमधून निवृत्त झालेल्या एका चाचांकडे. छपरावर लांब पाइपाला बांधलेला अँटेना, वारा आला की पोराने वर चढून तो फिरवायचा आणि खालून ओरडून विचारायचे, आले का, आले का. ‘हम लोग’ आम्ही तिथेच पाहिले. ‘महाभारत’ही तिथेच. त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले आहेत हे चाचा दर रविवारी नव्याने सांगत, जणू रझासाहेब त्यांचे मामेभाऊ. अम्माही बुरखा सावरत मागे बसे. तिला ‘नुक्कड’ फार आवडे.

१९८८च्या जानेवारीत गोविंद निहलानींचे ‘तमस’ लागले. भीष्म साहनींच्या फाळणीवरच्या कादंबरीवरचे. ते दाखवू नये म्हणून काही लोक न्यायालयात गेले होते. न्यायालयाने दाखवू दिले. आम्ही तरुण मंडळी मोठ्या तावातावाने त्यावर चर्चा करीत होतो. एका रात्री पडद्यावर घरे जळू लागली आणि अम्मा उठली. चपला तिथेच राहिल्या. मी मागे गेलो तर ती अंधारात चुलीपाशी बसलेली. मी विचारले, “क्या हुआ अम्मा?” ती म्हणाली, “कुछ नई. सिर दुखरा.” पुढचे भाग तिने पाहिले नाहीत. मला वाटले, बायकांना असले सोसत नाही. मी तेव्हा मुलांना इतिहास शिकवत होतो, हे लिहायलाही आज शरम वाटते.

टाळेबंदीच्या त्या दिवसांत मुलीने दादीला एक दिवस ‘शेजारी’ची क्लिप लावून दिली. १९४१ सालचा, व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी दिग्दर्शित केलेला शेवटचा सिनेमा. पटकथा-संवाद विश्राम बेडेकरांचे. एका गावातले दोन म्हातारे जिवलग मित्र, जिवबा पाटील आणि मिर्झा. बुद्धिबळ खेळण्यात रंगलेले. गावाजवळ धरण बांधायचे ठरते. बांधणाऱ्या माणसाला गावाची जमीन हवी असते आणि गावाची एकी त्याच्या आड येते. मग तो दोन घरांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटते आणि त्या पाण्यात हे दोघे हातात हात धरून मरतात.

मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीत, म्हणजे ‘पडोसी’त, मिर्झा जागीरदारच होते, पण जिवबाच्या जागचे ठाकूर झाले मझहर खान. म्हणजे मुसलमानाचे काम हिंदूने केले आणि हिंदूचे मुसलमानाने. ही अदलाबदल काही उगाच झालेली नसावी. आपण दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरून पाहिले पाहिजे, एवढे तरी ती सांगतेच. हेच जागीरदार पुढे, प्रभातच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य झाले.

अम्माने दोन म्हाताऱ्यांचा पट पाहिला. मग मुलीने शेवटचा भाग लावला. पाणी आले. दोन हात एकमेकांत अडकलेले दिसले. अम्माने मोबाइल छातीशी धरला आणि म्हणाली, “ये हमारेच गाँव का है.”

मुलगी हसली. “दादी, ये पूने में बनाया सो है.”

“कहीं भी बनाने दे,” अम्मा म्हणाली, “हमारेच गाँव का है.”

आणि तिने बोलायला सुरुवात केली. मुलीने शहाणपण केले. दुसऱ्या मोबाइलचे बटण दाबून तो उशीपाशी ठेवला. अम्माला विचारूनच. अम्मा म्हणाली, “रख. पन नामाँ नक्को लिखो.”

आम्हा भावंडांना लहानपणापासून सांगितले होते की नाना हैजाने, म्हणजे पटकीने, गेले. ते खोटे होते.

१९४८चा सप्टेंबर. अम्मा तेव्हा सात-आठ वर्षांची. जोंधळा माणसाएवढा उभा होता, हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. नाना जातीने पिंजारी. गावाच्या गाद्या-रजया भरायच्या, कापूस पिंजायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रझाकारांत ते कधी गेले नाहीत. जायला सांगणारे आले होते, तेव्हा तापाचे निमित्त करून पडून राहिले होते. पोलीस अॅक्शनच्या आठवड्यात ते नांदेडच्या बाजूच्या एका गावाला कामावर गेले होते. ते परत आले नाहीत. कुठे पडले, कुणी पुरले, पुरले की नाही, काही कळले नाही.

गावात बाहेरची माणसे आली त्या संध्याकाळी पाटलांची कारभारीण मागच्या दाराने आली. नानीला आणि दोन लेकरांना तिने वाड्यात नेले आणि बळदात उतरवले. भिंतीत बांधलेली ती धान्याची अंधारी जागा. तीन रात्री ते तिथे राहिले. अम्मा म्हणाली, “ज्वारी की बास आती थी. अब्बी भी नई ज्वारी आई की मेरे कू वोच अंधेरा याद आता.” बाहेर माणसे पाटलाला विचारत होती, इथे कुणी आहे का. पाटील बाजेवर बसून सांगत होता, वाड्यात माझी बायको-पोरे आहेत, बघायचे तर मला मारून आत जा.

त्या बाहेरच्या माणसांत गावातलीही काही होती. अम्माला नावे ठाऊक होती. मी विचारले. अठरा-वीस वर्षे इतिहास शिकवलेला माणूस, मला पुरावा हवा होता. अम्मा म्हणाली, “नाम नक्को पूछ. उनके पोत्रे तेरे शागिर्द थे. अच्छे बच्चे थे.”

ती पुढे एवढेच म्हणाली की नानीने सांगून ठेवले होते, लेकरांना हैजाच सांगायचा. खरे सांगितले तर ती याच गावात कशी राहतील?

त्या रात्री मी १९४८च्या बातमीपटांच्या क्लिपा शोधल्या. त्या आहेत. लष्करी गाड्यांची रांग आहे, हैदराबादचे सेनापती एल इद्रूस मेजर जनरल चौधरींपुढे शरण येतात तो १८ सप्टेंबरचा प्रसंग आहे. दोन सेनापती, कडक गणवेश, सगळे रीतसर. १३ ते १७ सप्टेंबर, पाच दिवसांत निजामाची राजवट संपली, आणि ती संपायलाच हवी होती. याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. कासिम रझवींच्या रझाकारांनी या मुलुखात काय केले हे विसरता येणार नाही. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना याच ऑगस्टमध्ये हैदराबादेत ठार केले गेले. ते मुसलमान होते.

पण कॅमेरा सेनापतींच्या बरोबर आला आणि सेनापतींबरोबरच परत गेला. त्यानंतरच्या दिवसांत खेड्यांत काय झाले ते पाहायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ते गावोगाव फिरले. त्यांनी मृतांचा अंदाज दिला तो २७ ते ४० हजारांचा. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आमच्या शेजारचा नांदेड आहे. हा अहवाल सरकारने त्या काळी प्रसिद्ध केला नाही. कितीतरी दशके तो लोकांच्या नजरेआड राहिला. त्यातच अशीही नोंद आहे की हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवले. म्हणजे पाटील एकटा नव्हता.

यातले काही कुठल्याही फितीवर नाही. ना मारणारे, ना मरणारे, ना दारात बाज टाकून बसलेला तो पाटील. देशाच्या संग्रहात आमचे गाव नाही. आणि तरीही अम्माला ते दिसले. जे बातमीपटाच्या कॅमेऱ्याला दिसले नाही, ते सात वर्षे आधी पुण्याच्या स्टुडिओत चेहरे रंगवून उभ्या राहिलेल्या नटांनी करून ठेवले होते. सिनेमाचे रीळ का जपायचे, याचे याहून मोठे कारण मला सापडलेले नाही. ते जर त्या आगीत गेले असते, चांदीसाठी वितळले असते, तर अम्मा काही न बोलताच गेली असती आणि आम्ही हैजाच सांगत राहिलो असतो.

२०२१च्या फेब्रुवारीत, हळद शिजवण्याच्या दिवसांत, मी मोटारसायकलवर अम्माच्या गावी, म्हणजे वरच्या नव्या गावी गेलो. पाटलांचा नातू पन्नाशीचा आहे. हळदीची कढई चढलेली होती. मी त्याला बाजूला घेऊन ते ध्वनिमुद्रण ऐकवले. तो धुराकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, “सर, आम्हाला हे माहीत नाही. आजोबा कधी बोलले नाहीत.”

थोड्या वेळाने म्हणाला, “तुम्हाला एक माहीत नसंल. आजोबांच्या धाकट्या भावाला रझाकारांनी गोळी घातली होती. त्याच वर्षी, पोळ्याच्या आधी.”

मी हिशेब केला. पोळा ते पोलीस अॅक्शन म्हणजे जेमतेम पंधरा दिवस. भावाचे दिवस नुकतेच उरकलेले. त्या घरात सुतक होते, संताप होता, निमित्त होते, आणि बळदात तीन मुसलमान जीव होते. आता ‘शेजारी’तला तो शेवटचा हात मला वेगळा दिसतो. सिनेमातल्या दोघांत भांडण लावणारा बाहेरचा होता. इथे तर पाटलाच्या घरात प्रत्यक्ष मुडदा पडला होता. तरी त्याने हात सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात तो अम्माला भेटायला आला. पायलीभर नवी ज्वारी घेऊन. “आत्या,” म्हणाला, आणि खाली बसला. गावच्या लेकीला पोरे आत्याच म्हणतात. अम्माने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. “दादावर गेला आहेस,” ती चक्क मराठीत म्हणाली. आमच्याशी ती आयुष्यभर दखनीत बोलली. तिचे मराठी माहेरचे होते, हे मी त्या दिवशी ऐकले. मुलीने हेही टिपून घेतले. चार मिनिटांची क्लिप आहे. मागे कुकरची शिट्टी वाजते.

अम्मा २०२२ मध्ये अल्लाला प्यारी झाली.

तिच्या आवाजाचे ते तेवीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि ती चार मिनिटांची क्लिप यांच्या मी तीन प्रती केल्या आहेत. एक घरात, एक मुलीकडे पुण्यात, एक पाटलांच्या नातवाकडे. एकाच ठिकाणी ठेवले तर काय होते ते पुण्याच्या आगीने शिकवले आहे. पाटलांच्या नातवाने नंतर स्वतःहून आपल्या म्हाताऱ्या चुलतीला बोलते केले. रझाकारांनी मारलेल्या दिराविषयी ती बोलली, रडली. तेही आता आमच्या दोघांकडे आहे. दोन्ही एकत्र ऐकावे, एकटे ऐकू नये, असे आमचे ठरले आहे. नावे आम्ही कुणालाही देत नाही. अम्माची तेवढीच अट होती.

वाचकांना माझे सांगणे साधे आहे. संग्रहालये आपले काम करीत आहेत; त्यांच्या क्लिपा घरातल्या म्हाताऱ्यांना जरूर दाखवा. पण दाखवून झाल्यावर मोबाइल बंद करू नका. त्यांना विचारा, यात आपल्या गावाचे काही आहे का? आणि माळ्यावर एखादा पत्र्याचा डबा सापडला, त्यातून आंबूस वास आला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी क्षणभर थांबा. मी थांबलो नव्हतो.